सुतारकाम आणि परसबाग, दोन्हीत आयुष्य गेलेल्या आजोबांच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात?

घोडबंदर रोडवरून

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, माघात गेले. वय नव्वदीच्या आसपास, नक्की कोणालाच सांगता येत नाही कारण आधारवर 1 जून आहे आणि ती गुरुजींनी शाळेत घातलेली तारीख. गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. जन्मभर सुतारकाम केलं. नांगर, जू, मुसळ, दाराच्या चौकटी, पाळणे, देव्हारे, आणि बैलगाड्या होत्या तोपर्यंत गाड्यांची चाकं. आणि घराच्या मागे चार-पाच गुंठ्यांची परसबाग, तिथलं दुधीचं आणि वालाचं बी न्यायला लांबलांबच्या वाड्यांवरून माणसं यायची. बाबा वागळे इस्टेटला कंपनीत लागले आणि आम्ही ठाणेकर झालो, पण आबा इथे कधी रमले नाहीत, पावसाळ्यात कधीतरी यायचे आणि बाल्कनीतल्या कुंड्या उलटसुलट करून, सगळ्यांची माती बदलून परत जायचे.

आता वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं आम्ही नातवंडांनी ठरवलंय. अडचण अशी की त्यांच्या हातचा कागद म्हणून काही नाही. सही करायचे तेवढंच. फोटोही लग्नाकार्यातले, मागच्या रांगेत उभे असलेले. नातेवाईकांना फोन केला की सगळे एकच सांगतात, "देवमाणूस होता." बरं, पुढे? पुढे काहीच नाही.

दुसरं म्हणजे त्यांची हत्यारांची पेटी. चुलत्यांनी ती माझ्याकडे दिली, सध्या हॉलमध्ये आहे, खाडीच्या हवेने गंज चढायला लागलाय. यातल्या निम्म्या वस्तूंची नावं मला येत नाहीत.

आणि तिसरं, सगळ्यात घाईचं. परसात एक रायवळ आंबा आहे, घरात त्याला साखऱ्या म्हणतात, छोटा, धागे भरपूर, पण रसाला तोड नाही. त्या जागेवर चुलतभाऊ घर बांधणार आहे, दिवाळीनंतर झाड जाणार. त्याचं चूक नाही, त्याला दुसरी जागाच नाही. पण झाड वाचवता येत नसेल तर निदान आंबा तरी वाचवता येईल का? कोय लावली तर तोच आंबा येईल का?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खाडीपलीकडचा

पहिल्या प्रश्नावर बोलतो, कारण वडिलांचं असंच काम मी केलंय (ते कुंभार होते, मुक्काम कळवा, मूळ गाव शहापूरकडे).

"आबा कसे होते" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर देवमाणूसच येणार, गेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दुसरं कोण काय बोलणार? वस्तूवरून विचारा. गावात ज्यांच्या घरी आबांनी केलेली चौकट आहे, पाळणा आहे, त्या घरी जा, वस्तूवर हात ठेवा आणि विचारा ही कधी केली, लाकूड कोणाचं होतं, किती दिवस लागले, पैसे दिले का भात दिलं, जेवायला कुठे बसायचे, काम करताना बोलायचे की गप्प. माणूस मग थांबत नाही. माझ्या अनुभवाने बायका जास्त सांगतात कारण सुतार, कुंभार घरी आला की चहा-भाकरी त्यांनीच केलेली असते.

तारखांचं टेन्शन घेऊ नका, मोठ्या घटनांवरून वर्ष पकडा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 ला पहाटे झाला, आपल्याकडेही हादरलं होतं, म्हाताऱ्या माणसांना नक्की आठवतो. बहात्तरचा दुष्काळ, 26 जुलै 2005 चा पूर. "भूकंप झाला तेव्हा आबांचं लग्न झालं होतं का, थोरली आत्या झाली होती का" असं विचारलं की उत्तर पटकन येतं. जन्माची नोंद हवी असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते शोधायला अर्ज करा. पानं जीर्ण असतात, मोडी असू शकते, पण सापडलं तर बापाचं नाव, गाव, तारीख सगळं मिळतं. नाहीच सापडलं तर जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा पण मोबाईल समोर धरू नका, बाजूला ठेवून द्या. आणि लिहिताना त्यांची भाषा सुधारू नका हो. माझ्या भावाने आमच्या पुस्तिकेत वडिलांची सगळी वाक्यं शुद्ध करून टाकली होती, मी भांडून परत होती तशी केली.

रंधा आणि पटाशी

ऐरोलीला फर्निचरचं काम करतो, आमची तिसरी पिढी. पेटीचा फोटो टाका, नावं सांगतो. साधारण काय काय असणार ते आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे ओळखता येईल.

छोट्या कुदळीसारखं, पातं आडवं आणि दांडा आखूड ते वाकस, त्याने लाकूड तासायचं. जुन्या सुताराचं खरं हत्यार तेच, करवतीपेक्षा जास्त वेळ हातात असायचं. रुंद पात्याची ती पटाशी, अरुंद जाड ते किकरं, खाचा पाडायला. रंधे दोन-तीन मापांचे असतील. दोरीने किंवा धनुकलीने फिरवून भोक पाडायचा तो सामता, आणि हाताने पिळायचं ते गिरमिट. काटकोन बघायला गुण्या. एखादी कानस, करवतीचे दात लावायला.

आता गंज. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर पातळ मशीन ऑईल, फडक्याने लावून रात्रभर ठेवा, सकाळी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसा. चकचकीत करायच्या नादाला लागू नका, लाल गंज गेला की बास, काळा राहू दे. लाकडी मुठींना अळशीचं तेल बोटभर चोळा. वॉर्निश अजिबात नको. आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका, आत दमट धरतं आणि दुप्पट गंज चढतो, सुती कापडात गुंडाळा. वाकसाच्या दांड्यावर एका जागी खोलगट झालेलं असेल, तिथे त्यांचा अंगठा बसायचा. त्याचा फोटो जवळून घ्या, पुस्तिकेत पहिल्या पानावर तोच घाला असं मी म्हणेन.

चाकाबद्दल लिहिताना जरा नीट लिहा ताई, कारण बैलगाडीचं चाक करणारा सुतार आता ठाणे जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. मधला ठोकळा तो तुंबा, बहुतेक बाभळीचा. त्यात ठोकलेले आरे. बाहेरचं गोल म्हणजे पुठ्ठे, ते तुकड्यातुकड्याने जोडलेले, एकेका पुठ्ठ्यात दोन-दोन आरे जातात. सगळं सालकुसवाने (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) बसवायचं, खिळा नाही. आणि शेवटी लोखंडी धाव, म्हणजे चाकावर बाहेरून बसणारी गोल पट्टी. धाव मुद्दाम चाकापेक्षा सूतभर लहान ठेवतात (इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत), मग गोवऱ्या रचून तिला लाल करायची, तापून ती फुगते, चार माणसांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. गार होताना धाव आवळते आणि सगळे जोड करकर वाजत एकात एक घट्ट बसतात. धुराने डोळे उघडत नाहीत, आणि नेमकं त्याच वेळी बघायचं असतं की चाक वाकडं तर आवळत नाही ना. लहान ठेवली धाव जास्त, तर आरे मोडतात. मोठी ठेवली तर पहिल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव निघून पडते. हे माप कुठल्या वहीत नसतं, माझे आजोबा चाकाभोवती दोरी फिरवून ठरवायचे. तुमचे आबा हे करत होते म्हणजे तो माणूस साधा सुतार नव्हता.

अजून एक, जुन्या चौकटी आणि पाळण्यांच्या जोडांवर आतल्या बाजूने बारीक खुणा खोदलेल्या असतात, कुठला तुकडा कुठे बसतो त्याच्या. टॉर्च मारून बघा. सही करता येत नसलेल्या माणसाचं लिखाण ते.

दुधी भोपळा

ताई, आंब्याचं मी सांगते. दापोलीला शिकले, सध्या नेरूळला असते आणि गच्चीवर बाग करते.

कोय लावून तोच आंबा येईल याची खात्री नाही, बहुतेक वेळा येत नाही. कारण मोहरावर परागकण कुठल्या झाडाचे आले ते आपल्याला माहीत नसतं. साखऱ्या जसाच्या तसा हवा असेल तर कलमच. आणि तुमची वेळ एकदम बरोबर आहे, कोय कलम पावसाळ्यातच करतात. पूर्वी भेटकलम करायचे, त्यात कुंडी झाडाला टांगून महिनोन् महिने थांबावं लागायचं, कोय कलम कोकणातल्या नर्सऱ्यांनी उचललं कारण सोपं आणि स्वस्त.

आत्ता आंबे चालू आहेत तर कुठल्याही रायवळच्या कोयी जमवा, साखऱ्याच्याच हव्यात असं नाही. खाल्ल्यावर आठवडाभरात मातीत घाला, सुकलेली कोय उगवत नाही. भरपूर घाला कारण सगळ्या उगवणार नाहीत आणि सगळी कलमं जगणार नाहीत. रोप उगवून दोन-तीन आठवड्यांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, ती वेळ पकडायची. साखऱ्याची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची, जाडी रोपाएवढी, शेंड्याचा डोळा फुगलेला. काडी तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापून टाकायची, देठ ठेवायचे. रोप कोयीपासून 7 ते 9 सेंमीवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा साधारण 4 ते 5 सेंमी, चिरेत बसवायची, निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. पंधरा-वीस दिवसांत फुटवा दिसतो. ब्लेड नवीन घ्या. हे वाचून सोपं वाटतं पण हात बसायला वेळ लागतो, त्यामुळे मुरबाड-बदलापूर पट्ट्यातल्या नर्सरीत कलम बांधणारा माणूस असतो त्याला दिवसाची मजुरी देऊन गावालाच न्या. काडी तोडल्या तोडल्या बांधली तर सगळ्यात छान. लांब न्यायची वेळ आलीच तर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी.

आणि दुधी-वालाच्या बियांचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही! ते पण तितकंच घाईचं आहे. वाल स्वतःच्याच परागावर धरतो, बाजूला दुसरा वाल असला तरी फारसं बिघडत नाही. दुधीचं तसं नाही. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि पाखरं-किडे कुठलाही पराग आणतात, शेजारच्याने बाजारातलं हायब्रीड लावलं असेल तर तुमचं बी संपलं. त्यामुळे उमलायच्या आदल्या दिवशी मादी कळी आणि नर कळी दोन्हींना दोऱ्याने बांधून ठेवायचं, संध्याकाळी सोडून हाताने पराग लावायचा आणि परत बांधायचं. त्या दुधीला खूण करून वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर बी खुळखुळलं पाहिजे.

घाटाच्या पलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी गावरान बियांची बँक उभी केली, 2020 ची पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांनी सुरुवात घरातल्याच बियांपासून केली होती. म्हणून म्हणते, किती का थोडं असेना, बी ठेवा.

नौपाड्यातले काका

वर सगळ्यांनी उत्तम सांगितलंय. मी वयाने मोठा असल्याने दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एक. देवमाणूस लिहू नका. माझ्या लहानपणी गावात (आमचं गाव भिवंडी तालुक्यात) सुताराला सुगीला खळ्यावर बलुतं म्हणून भात मिळायचं, वर्षभराच्या कामाचं. कोण पायली भरून द्यायचा, कोण वरची रास हाताने सपाट करून द्यायचा. काही घरांत त्याला ओटीच्या वर येऊ देत नसत, त्याने केलेल्या दारातून. पुढे लोखंडी नांगर आला, टायरगाडी आली, ट्रॅक्टर आला आणि बलुतं बंद झालं, मग सुताराने काय खाल्लं? तुमचे आबा म्हसाच्या यात्रेत पोळपाट-लाटणी विकायला बसत होते का, ठाण्या-कल्याणला फर्निचरच्या कामाला येऊन गेले का, कर्ज काढलं का, मुलाला कंपनीत पाठवताना काय म्हणाले, हे विचारा. रागीट असतील तर रागीट लिहा. मुलींना शाळेतून काढलं असेल तर तेही लिहा. नातवंडांना खरा माणूस मिळू दे.

दोन. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये आजी कुठेच नाही. सुतार दिवसभर गावात नाहीतर परगावात कामावर असायचा. मग चार-पाच गुंठ्यांच्या बागेला पाणी कोण घालत होतं? आजी हयात असतील तर पुस्तिकेचं काम त्यांच्यापासून सुरू करा.

पुस्तिका झाली की दोन प्रती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या. 1893 पासूनची संस्था आहे, विचारून बघायला काय हरकत आहे. एक प्रत गावच्या शाळेत. घरच्या कपाटात ठेवलेली पुस्तिका दोन शिफ्टिंगमध्ये हरवते.

घोडबंदर रोडवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, राग कसला, तुमचं वाचून लगेच आजीला फोन लावला. आजी आहे, गावालाच असते, ऐकू कमी येतं म्हणून आत्या मध्ये बसून ओरडून सांगत होती.

आजी म्हणाली, "मांडव त्यांनी घातला, बी मी राखलं." म्हणजे दुधीचं बी कुठल्या वेलाचं धरायचं ते ती ठरवायची, पहिला दुधी कोवळा कधीच तोडू द्यायची नाही, वाळला की चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायची. वाल मडक्यात, राखेत. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचा, त्याला पाणी लागत नाही, ते काम आबा आणि ती दोघं मिळून करायचे. मांडवाच्या काठ्या मात्र आबा स्वतः निवडायचे, अवसेच्या आसपास तोडलेल्या, आणि तळ्यात बुडवून ठेवलेल्या म्हणजे भुंगा लागत नाही. आणि साखऱ्याची कोय आजीच्या माहेरची, किन्हवलीकडची! हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं, बाबांनाही नाही. म्हणजे माहेरचं झाड कधीच गेलं, त्याचं लेकरू आमच्या परसात उभं आहे.

लोखंडी नांगर आल्यावर काय झालं हे काकांनी विचारलं होतं, तेही आजीला विचारलं. आजी म्हणाली दोन वर्षं घरात भात कमी पडलं, तेव्हा आबा कल्याणला एका वखारीत रोजाने जायचे, पहिल्या एसटीने, आणि त्यांना ते आवडायचं नाही कारण तिथे दुसऱ्याच्या मापाने काम. घरी आल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत, सरळ परसात जायचे. आणि हो, धाकट्या आत्याची शाळा चौथीत सुटली. आत्या फोनवरच होती, म्हणाली लिही, बिनधास्त लिही.

बी थोडं आहे अजून. दोन वाळलेले दुधी आणि एक मडकं वाल. दुधी भोपळा ताई, तुम्हाला थोडं पाठवू का? दोन ठिकाणी लावलेलं बरं ना?

पेटीचे फोटो टाकतेय. एक वस्तू कळत नाहीये, लाकडी दांडी, तिच्यावर सरकणारा छोटा ठोकळा आणि टोकाला खिळ्यासारखं काहीतरी.

रंधा आणि पटाशी

लाकडाच्या कडेला समांतर रेघ मारायचं साधन आहे ते. ठोकळा कडेला टेकवून सरकवायचा, खिळा रेघ ओढत जातो. ठोकळा जिथे थांबलाय तो हलवू नका, त्यांनी शेवटचं जे माप घेतलं ते तसंच लागलेलं असेल. मोजून लिहून ठेवा, कदाचित घरातल्या एखाद्या वस्तूशी जुळेल. करवतीचे दात मात्र उलटसुलट झालेत फोटोत, ते नीट लावून पाहिजे असतील तर रविवारी दुकानात असतो, ऐरोली स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, पेटी घेऊन या. पैसे नकोत.

दुधी भोपळा

नक्की पाठवा, मी गच्चीवर बांधून धरते आणि पुढच्या वर्षी तुम्हाला परत देते. पण सगळं बी पाठवू नका, निम्मं आजीकडेच राहू दे. आणि कोयी जमवायला आजपासूनच लागा, पहिला पाऊस पडला की रायवळ सडायला लागतो. साखऱ्यावर नवी पालवी कधी आली होती ते आजीला विचारून ठेवा, त्यावरून काडी कधी तयार होईल ते सांगते.